वीतभर पिकअप

आमच्या वऱ्हाडात जुनं ते नवं करून देणारे पावलोपावली भेटतात. कल्हईवाला काळवंडलेल्या गुंडाला चकाकी आणतो, पिंजारी बसलेल्या गादीला पुन्हा उठवतो, न्हावी साठीच्या माणसाच्या मिशा पंचविशीच्या करतो आणि गॅरेजवाला तर तीनदा उलटलेल्या गाडीचं असं काही रूप पालटतो की ती 'एकाच हातची, डॉक्टरांनी वापरलेली' म्हणून खपावी. नवं ते जुनं करून देणारा मात्र वलगावात एकच आहे. मी.

माझा छंद असा : खऱ्या पिकअपची छोटी प्रतिकृती घरी बनवायची, तिला झकास पांढरा रंग द्यायचा आणि मग रात्रीमागून रात्री जागून तो रंग बिघडवायचा. गंज चढवायचा, पोपडे काढायचे, चिखल उडवायचा, काच धुळकट करायची आणि एक इंडिकेटर फोडायचा. हे वाचून तुमच्या मनात जो प्रश्न आला, तो आमच्या घरी, शेजारी, पानटपरीवर आणि दोन्ही सासुरवाडीच्या लग्नांत विचारून झालेला आहे. सगळ्यात सौम्य शब्दांत तो आमच्या मामांनी विचारला : "भाऊ, डोकंगिकं दुखते का तुह्यं?"

प्रमाण एकास चोवीस. गोऱ्यांच्या मापात एका फुटाला अर्धा इंच, असा हा हिशेब बसतो. खरी पिकअप पाच मीटरच्या आसपास, म्हणजे माझी एकवीस सेंटिमीटर. वीतभर. रंग बिघडवायची कला जगात सगळ्यात जास्त रणगाड्यांवर आणि लढाऊ विमानांवर चालते. ज्यांच्या दारात रणगाडे उभे असतील त्यांनी ते खुशाल करावेत. वलगाव आहे अमरावतीहून परतवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, आणि दर्यापूरचा रस्ताही इथूनच फुटतो. परतवाड्याकडून मेळघाटचं सागवान येतं, अचलपूर-चांदूर बाजारचा संत्रा येतो, अंजनगावची पानं येतात, दर्यापूरकडून कापूस आणि हरभरा येतो. हे सगळं येतं ते पिकअपमध्ये. माझ्या लहानपणी चार चाकांच्या कुठल्याही मालवाहू गाडीला 'मेटाडोर' म्हणत. १९८६ साली टाटांची ४०७ आली, तिलाही बरेच दिवस लोक मेटाडोरच म्हणाले. २००५ साली टाटा एस आली आणि तिचा बघता बघता छोटा हत्ती झाला. पण काळ्या मातीच्या पांदणीतून, अंगाहून मोठं ओझं घेऊन, कण्हत-कुंथत बाहेर पडावं ते बोलेरो पिकअपनंच. तिच्यावर माझा जीव आहे.

अमेरिकन पिकअपचे प्लास्टिकचे संच मिळतात. फोर्डचे, शेवरलेचे, एकास चोवीस आणि एकास पंचवीस प्रमाणातले. ते मी हाताळले आहेत. पण त्या पिकअपच्या हौद्यात चित्रावर एक केसाळ कुत्रा आणि मासे धरायचा गळ एवढंच दाखवलेलं असतं. आपल्याकडे त्याच हौद्यात कपाशी जाते, बैल जातात, गणपती जातात, आणि एप्रिल-मेमध्ये करवल्यांसकट आख्खं वऱ्हाड जातं. तेव्हा आपली गाडी आपणच करायची. अंगाला सनबोर्ड, हेडलाइटच्या काचेला गोळ्यांच्या पाकिटावरचा पारदर्शक फोड, सायलेन्सरला बॉलपेनची रिफील, सीटला जुन्या पाकिटाचं रेक्झिन. स्टेअरिंगसाठी दीड-पावणेदोन सेंटिमीटरचं कडं लागतं. ते कुठून मिळालं हे मी इथं लिहू शकत नाही, कारण घरात एका बाळीचा अजून शोध चालू आहे.

या छंदात गणित फार. एकदा माझ्या भाच्यानं विचारलं, "मामा, हे गाडी किती माल नेते?" मी कागद घेऊन बसलो. खऱ्या गाडीची क्षमता सतराशे किलो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चोवीसपट कमी, म्हणजे वजन चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, तेरा हजार आठशे चोवीसपट कमी. भागाकार केला तर उत्तर आलं एकशे तेवीस ग्रॅम. एक संत्रा! मी उठून टोपलीतला एक मध्यम संत्रा आणून हौद्यात ठेवला. हौद्याची रुंदी सात सेंटिमीटर, संत्राही तेवढाच. असा चपखल बसला की जणू गाडी त्याच मापानं बेतली होती. माझ्या अंगावर काटा आला. भाच्यानं संत्रा सोलून खाल्ला आणि म्हणाला, "झाली खाली गाडी."

पण हौद्यात संत्रे भरलेले दाखवायचे तर ते तीन मिलिमीटरचे पाहिजेत. तीन मिलिमीटरचं गोल काही वऱ्हाडात शोधायला नको, ते कोठीतच असतं. ज्वारी. मूठभर ज्वारी घेतली, शेंदरी रंगात घोळवली, कुठं उलसा हिरवा हात दिला आणि आगपेटीच्या जाड पुठ्ठ्याच्या कॅरेटांमध्ये रचून ठेवली. हुबेहूब आंबिया बहार. आमची माय मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. खायच्या धान्याला रंग फासणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता आणि तो आपल्याच पोटी निघावा याचं तिला जास्त वाईट वाटलं. श्रावणात तिची सरशी झाली. संत्र्यांतून सोंडे निघाले. शेंदरी टरफलाला भोक पाडून काळा सोंडा ऐटीत कॅबिनवर चढला, तेव्हा ती म्हणाली, "घे. डायवर आला."

लिंबू-मिरची त्या मानानं सोपी. पिवळी मोहरी एक, हिरव्या दोऱ्याचे तुकडे सात, सगळं एका केसात ओवायचं. ज्याला हे काम सोपं वाटेल त्यानं मोहरीला भोक पाडून दाखवावं.

आता मुख्य भाग, म्हणजे नासधूस. रंग उडाल्यासारखा दिसावा म्हणून एक जागतिक युक्ती आहे. आधी सगळ्या गाडीला गंजाचा रंग द्यायचा. मी आपला लोखंडी फाटकाला लावतात तो रेड ऑक्साइड वापरतो. तो वाळला की त्यावर केसांचा स्प्रे मारायचा. त्यावर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग. मग जिथं पोपडा हवा तिथं ओलं करून दात घासायच्या ब्रशनं हलके घासायचं. पाण्यानं खालचा स्प्रे विरघळतो, वरचा पांढरा रंग सालपटासारखा निघून येतो आणि आतून गंज डोकावतो. ही युक्ती करताना जो आनंद होतो तो सांगून समजायचा नाही. फक्त स्प्रे विकत आणताना त्रास होतो. अमरावतीत इतवाऱ्याजवळच्या एका दुकानात मी तो मागितला, तेव्हा दुकानदारानं आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि मग अत्यंत मायेनं म्हणाला, "काका, यानं उगवत नाही."

धुळीचं प्रकरण वेगळंच आहे. चिखल आणि धूळ दाखवायला परदेशात रंगीत भुकट्या मिळतात. बोटाएवढी बाटली. एक मी मागवली. तिच्यावर नाव छापलेलं : 'युरोपची धूळ'. मी ती मोठ्या कौतुकानं ओसरीत उघडत असताना आमची ही झाडू घेऊन उभी. किंमत तिनं विचारली आणि मी सांगितली. ती आत गेली, फुटक्या कपात पदराच्या फडक्यानं चाळलेली भुकटी घेऊन आली आणि बाटलीशेजारी ठेवत म्हणाली, "हे घ्या वलगावची. रोज टोपलंभर निघते. सांगा कोनाले पाठवाची असंन तं."

यातली खरी गोम तिच्या लक्षात आली नव्हती, माझ्या आली. आमचं गाव साधंसुधं नव्हे. शेंडगावच्या डेबूजी झिंगराजी जाणोरकरांनी, म्हणजे गाडगेबाबांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना देह ठेवला तो इथंच, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी. ज्या माणसानं हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली, दिवसा वाटा झाडल्या आणि रात्री कीर्तनात डोकी झाडली, त्याच्या निर्वाणभूमीच्या गावात एक गृहस्थ युरोपातून पैसे मोजून धूळ मागवतो आणि ती कुंचल्यानं पिकअपला लावतो. बाबांच्या हाती सापडलो असतो तर खराट्याचा दुसरा उपयोग झाला असता.

आणि ती धूळ चुकीचीच निघाली. हे मला सांगितलं आमच्या शेजारच्या पिकअपवाल्यानं. हा माणूस स्वतःची गाडी स्वतः चालवतो आणि सकाळी गाडीला धूप दाखवल्याशिवाय किल्ली लावत नाही. माझ्या वीतभर गाडीभोवती तो दोनदा फिरला, वाकला, चाकाच्या वरच्या कमानीत निरखून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे गाडी कुठी गेलती?"

"कुठंच नाही. इथलीच आहे."

"मंग हे माती कुठली? आपल्या इकडली नोहे हे."

खरंच होतं. युरोपची धूळ बदामी. आपली माती ओली असताना काळी कुळकुळीत, टायरला अशी बिलगते की चाकाचं चाक दुप्पट होतं. आणि वाळली की राखेसारखी करडी पडून ढलप्यांनी गळते. त्या दिवशी मी फुटक्या कपातली भुकटी गुपचूप वापरायला घेतली. घरात याबद्दल अजून काही बोललेलो नाही.

त्यानंतर हा शेजारी माझा गुरू झाला. पुस्तकातले लोक गंज लावतात तो जिथं दिसायला छान दिसेल तिथं. त्याला ते पटेना. "गंज असा कुठीबी लागत नसते भाऊ. त्याले कारन लागते." मग तो मला हाताला धरून त्याच्या गाडीपाशी घेऊन गेला आणि एकेक कारण दाखवू लागला. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात पत्रा चाळणीसारखा झालेला : तिथं युरियाचं पोतं फुटलं होतं आणि वरून पाऊस आला. डाव्या बाजूला मागपासून पुढपर्यंत बारीक ओरखडे, उजव्या बाजूला एकही नाही : पांदणीत समोरून बैलगाडी आली की गाडी डावीकडे दाबावी लागते आणि डावीकडे बाभळी असतात. उजव्या दाराच्या काचेखालचा रंग कोपरभर लांबीत गुळगुळीत उडालेला : तिथं त्याचा हात असतो, परतवाडा ते अमरावती, अमरावती ते परतवाडा. बोनेट मात्र गंजलेलं नव्हतं, ते उन्हानं विटलं होतं. हात फिरवला तर खडूसारखी पांढरी भुकटी बोटाला लागली. कोकणातली गाडी गंजून मरते, आमची भाजून मरते.

सगळ्यात सुंदर गोष्ट होती मागच्या फाळक्यावर. फाळका उघडला की त्याला धरून ठेवणारी साखळी लोंबकळते आणि गाडी चालू असताना पत्र्यावर घासत राहते. वर्षानुवर्षं घासून तिथं दोन चंद्रकोरी उमटल्या होत्या, मधोमध चकचकीत लोखंड, कडेला तांबूस गंज, आणि एका कडीत कधीतरी अडकलेला कापसाचा पुंजका, डिझेलच्या धुरानं करडा झालेला. मी तिथं उकिडवा बसून भिंग लावून पाहत होतो. रस्त्यानं जाणाऱ्या दोघातिघांना वाटलं की बँकेचा माणूस जप्तीला आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून जिथं कातडं घट्ट झालेलं असतं, नेमक्या त्याच जागी हळद आणि तूप. बैलाचं वय, त्याची मेहनत, मालकाचा स्वभाव सगळं त्या खांद्यावर लिहिलेलं असतं आणि त्या दिवशी निदान कुणी ते वाचतं. शिंगांना बेगड, पाठीवर झूल हे दुसऱ्या दिवशीचं, लोकांना दाखवायचं. तान्ह्या पोळ्याला पोट्टे चाकं लावलेला लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा मागतात, तोही नवा कोरा, रंगवलेला. प्रतिकृतीची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे म्हणायची. फक्त लाकडी बैलाच्या खांद्याला घट्टा काढणारा सुतार मला अजून भेटलेला नाही. भेटला तर मी त्याला गुरू करीन, शेजाऱ्याला रजा देऊन.

तर शेजाऱ्याच्या देखरेखीखाली मी गाडी पुरी केली. सगळं त्याच्या गाडीबरहुकूम. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत एमएच २७ आणि पुढं त्याचाच नंबर. मागच्या बाजूला 'हॉर्न ओके प्लीज' अर्धवट पुसलेलं, कारण महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली त्याला मनाई केली आणि त्यानं ते पुसायला घेऊन 'प्लीज'पाशी सोडून दिलं होतं. एका बाजूचे पाटे बसलेले, त्यामुळे गाडी उभी असताना डाव्या अंगाला अर्धा मिलिमीटर कललेली. वायपर फिरून काचेवर पंख्यासारखी स्वच्छ जागा राहते, तीसुद्धा एकच. कारण दुसरा वायपर चालतच नाही. त्यानं पाहिलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "निरा तेच. आता हिले डिझेल टाका अन् हप्ता भरा."

इथवर सगळं छान होतं. पुढं त्यानं गाडी विकायला काढली.

वऱ्हाडात गाडी विकायला काढणं म्हणजे पोरगी दाखवण्याहून मोठी तयारी. गाडी गॅरेजला गेली आणि नवी नवरी होऊन आली. ओरखड्यांत पुट्टी, वर पांढरा रंग, बोनेटला पॉलिश, उजव्या दारावर जिथं कोपर लागे तिथं मोठं देवाचं स्टिकर. हौद्यात कोरं रबरी मॅटिंग, पुढच्या कोपऱ्यापर्यंत काळजीपूर्वक दाबून बसवलेलं. मागं लाल गोंडे. किंमत सांगितली सव्वाचार लाख.

गिऱ्हाईक आलं अकोटकडून. दोन पाव्हणे, त्यातले एक धोतरातले म्हातारे. गाडी पाहिली, चालवून पाहिली, माना डोलल्या. व्यवहाराचा चहा म्हणून शेजारी त्यांना माझ्या ओसरीत घेऊन आला, कारण त्याच्या घरी पाहुण्यांसमोर ठेवण्याजोग्या कपांची जोडी नव्हती. बोलणी अगदी गोडीत चालली होती. म्हाताऱ्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि त्यांची नजर कोनाड्यावर गेली.

"हे काय व्हय?"

"खेळनं हाय थे पोराचं," शेजारी चपळाईनं म्हणाला.

म्हाताऱ्यांनी खिशातून चष्मा काढला. बशी खाली ठेवली. गाडी उचलून तळहातावर घेतली आणि कापसाची प्रत पाहावी तशी उजेडात धरली. ओसरीत कुणी बोलेना.

"नंबर तं तुमचाच हाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "डाव्या अंगाले बसेल हाय वाट्टे गाडी." मग आणखी थोड्या वेळानं, बोटाच्या टोकानं हौद्यात चाचपून, "अन् इथी काय झालं? खत सांडलं का?"

बशी तशीच टाकून ते उठले, रस्त्यावर गेले आणि त्यांनी रबरी मॅटिंगचा पुढचा कोपरा वर उचलला. मी आयुष्यात इतकी दाद कुणाकडून मिळवलेली नाही. वीतभर गाडी हातात धरून ते खऱ्या गाडीभोवती फिरत होते, आधी हातातल्या गाडीत पाहत आणि मग त्याच जागी खऱ्या गाडीवर टिचकी मारून पुट्टी ऐकत. देवाच्या स्टिकरला आधी नमस्कार केला, मग त्याची कड नखानं उचलून पाहिली. दुसरा पाव्हणा पाटे पाहायला सरळ गाडीखाली झोपला.

सौदा तुटला नाही, पंचवीस हजारांनी खाली आला. जाताना म्हातारे माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी बैलायचंबी पाहून देता का?"

पाव्हणे गेल्यावर शेजारी ओसरीच्या पायरीवर येऊन बसला. त्याला किती राग आला होता हे त्यानं तंबाखू चोळली त्यावरून कळत होतं.

"भाऊ, तुमाले कोनं सांगतलं होतं इतलं खरं कराले?"

मी म्हटलं, "तुम्हीच."

त्यानं तंबाखूवर थाप मारली. याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की आमच्या वऱ्हाडचा माणूस विषय सोडत नाही, तोच विषय दुसऱ्या टोकानं धरतो. तो म्हणाला, "मंग ते पंचवीस हजार कोनाकडून घ्याचे?" मी त्याला चहा दिला. त्यानं तो पंचवीस हजारांचा असल्यासारखा प्यायला.

दसऱ्याला त्यानं नवी गाडी घेतली. झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाचे हात, चाकांखाली लिंबं, सीटवरचं प्लास्टिक तसंच. सगळ्या आळीला पेढे मिळाले, मलाही मिळाला, पण पेढा देताना त्यानं बजावलं, "हिच्याकडं पाह्याचं नाही हं भाऊ." लिंबू-मिरची लोक गाडीच्या पुढं बांधतात, त्यानं पुढं तर बांधलीच, वर आमच्या घराच्या बाजूच्या आरशालाही एक बांधली. आणि तेवढ्यानं भागेना म्हणून, रात्री गाडी लावली की तिच्यावर भली मोठी निळी ताडपत्री ओढतो, चारही बाजूंनी दोर घट्ट आवळून, चाकंसुद्धा दिसू नयेत अशी.

माझी काही तक्रार नाही. ताडपत्रीसाठी पातळ टिश्यू पेपर लागतो, तो पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून गाडीवर अंथरायचा आणि ओला असतानाच सुईच्या टोकानं घड्या पाडायच्या. त्याच्या ताडपत्रीला डावीकडच्या कोपऱ्यात एक ठिगळ आहे, निळ्यावर हिरवं, सुतळीनं शिवलेलं. ते नीट पाहायला सकाळी सातच्या आत जावं लागतं, तो धूप घेऊन बाहेर यायच्या आधी.